सु-ल-ता-न-पू-र ते ‘सुलतानपूर’

मेहकरहून लोणारला जाताना वाटेत सुलतानपूर लागते. गावाचे नाव लिहिलेली पाटी रोज शेकडो माणसे वाचतात, पण आपण वाचतो आहोत हे त्यांच्या लक्षातही येत नाही. आता हीच पाटी दुसरीतल्या लेकराला वाचायला सांगा. ते बोट ठेवून एकेक अक्षर उच्चारेल: सु... ल... ता... न... पू... र. सहाही अक्षरे बरोबर. तरीही ‘काय वाचलंस?’ असे विचारले तर बरीच मुले गप्प राहतात. ज्या गावात जन्मली, त्याच गावाचे नाव त्यांना डोळ्यांसमोर असूनही ओळखू येत नाही.

असे का होते? कारण तोंडाने आपण ‘सु-ल-ता-न-पू-र’ म्हणतच नाही. आपण म्हणतो ‘सुल्‌-तान्‌-पूर्‌’. कागदावर सहा अक्षरे, पण बोलताना ठोके तीनच. ल, न आणि र यांच्यातला ‘अ’ बोलताना गळून जातो. तो कुठे ठेवायचा आणि कुठे गाळायचा, हे लिपी सांगत नाही. ते वाचणाऱ्याने आपल्या बोलीवरून ओळखायचे असते. सुटी अक्षरे वाचता येणे आणि शब्द वाचता येणे यांच्यात असा एक ओढा आहे. तो ओलांडणे म्हणजेच अस्खलित वाचनाची सुरुवात.

‘आमच्या मुलाला अक्षरे येतात, पण तो अडखळत वाचतो’, ही तक्रार गावात आणि शहरात सारखीच ऐकू येते. बहुतेक घरांत त्यावर एकच औषध असते : ‘नीट वाच!’ हे औषध चालत नाही. का चालत नाही आणि काय चालते, ते पाहू.

वेग हवा कशासाठी?

अस्खलित वाचनात तीन गोष्टी येतात. पहिली अचूकता, म्हणजे जे लिहिले आहे तेच वाचणे. दुसरी वेग, म्हणजे फार न थांबता वाचणे. तिसरी लय, म्हणजे बोलताना जिथे थांबतो तिथे थांबणे, प्रश्नाला प्रश्नाचा हेल देणे. तिन्ही जमल्या की ऐकणाऱ्याला वाटते, मूल वाचत नाही, सांगते आहे.

केंद्र सरकारने ५ जुलै २०२१ रोजी सुरू केलेल्या ‘निपुण भारत’ अभियानात यासाठी आकडे ठरवले आहेत. दुसरीच्या मुलाने न पाहिलेला सोपा मजकूर मिनिटाला ४५ ते ६० शब्द या वेगाने, अर्थ समजून वाचावा. तिसरीच्या मुलाने किमान ६० शब्द वाचावेत. प्रत्यक्षात चित्र काय आहे? ‘असर’ पाहणीनुसार २०१८ मध्ये ग्रामीण भारतातील सरकारी शाळांत तिसरीची २०.९ टक्के मुले दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचू शकत होती. कोरोनानंतर, २०२२ मध्ये, हे प्रमाण १६.३ टक्क्यांवर घसरले. २०२४ मध्ये ते २३.४ टक्क्यांवर आले. सुधारणा आहे, पण अजूनही चारातल्या तीन मुलांना तो मजकूर जमत नाही.

वेगाचा आणि समजण्याचा संबंध काय, हे एका वाक्यावरून पाहा. ‘आजोबांनी सकाळी शेतातून आणलेली कणसं आजीने चुलीवर भाजली.’ शब्द आठ. मिनिटाला ६० शब्द वाचणाऱ्या मुलीला हे वाक्य संपवायला आठ सेकंद लागतात. मिनिटाला १२ शब्द वाचणाऱ्या मुलाला चाळीस सेकंद लागतात. मेंदू जी माहिती तात्पुरती हातात धरून ठेवतो, ती काही सेकंदांत निसटू लागते आणि एका वेळी मावतेही थोडीच. ‘भाजली’ या शब्दापर्यंत पोहोचेतो मुलाच्या हातून ‘आजोबांनी’ कधीच सुटलेला असतो. मग ‘कणसं कोणी भाजली?’ या प्रश्नाला ते काहीतरी ठोकून देते. आपण म्हणतो, ‘ह्याचं लक्षच नाही.’ खरे तर त्याचे सगळे लक्ष अक्षरे जुळवण्यातच खर्च झालेले असते.

अमेरिकेतील डेव्हिड लाबर्ज आणि जे सॅम्युअल्स या संशोधकांनी १९७४ मध्ये हाच मुद्दा मांडला. लक्षाचा साठा मर्यादित असतो. अक्षरओळख आपोआप होऊ लागली, की तो साठा अर्थासाठी मोकळा होतो. सायकल शिकताना सगळे ध्यान तोल आणि हँडलकडे असते. तोल अंगात मुरला, की मागे बसलेल्याशी गप्पा मारता येतात. वाचनाचेही तसेच आहे.

मेंदूत वाचनाची जागा जन्मतः नसते

बोलणे मूल आपोआप शिकते. घरात माणसे बोलत असली की पुरे. वाचन तसे येत नाही. माणसाने लिहायला सुरुवात करून जेमतेम पाच-साडेपाच हजार वर्षे झाली आहेत. मेंदूत त्यासाठी खास भाग तयार व्हायला एवढा काळ पुरत नाही. फ्रेंच मेंदूशास्त्रज्ञ स्तानिस्लास देहेन यांचे म्हणणे असे, की चेहरे आणि वस्तू ओळखणाऱ्या यंत्रणेचाच एक तुकडा वाचायला शिकताना अक्षरांसाठी कामाला लावला जातो. डाव्या मेंदूच्या मागच्या, खालच्या बाजूचा हा भाग वाचणाऱ्या माणसांत अक्षरे दिसली की जागा होतो, मग लिपी कोणतीही असो. हा बदल सरावानेच घडतो. म्हणून अडखळणारे मूल आळशी किंवा ‘ढ’ नसते. त्याच्या मेंदूत रस्ता अजून बांधला जातो आहे आणि तो बांधायला फेऱ्या लागतात.

त्यात आपल्या लिपीचे काम जरा मोठे आहे. इंग्रजीत अक्षरे २६. मराठीत चौतीसेक व्यंजने आणि प्रत्येकाची बाराखडी धरली, तर चारशेच्या वर रूपे होतात. जोडाक्षरे वेगळीच. ‘कि’ मध्ये वेलांटी आधी दिसते आणि उच्चार नंतर होतो. एकटा ‘र’ घ्या : ‘सूर्य’ मध्ये तो डोक्यावर बसतो, ‘चक्र’ मध्ये पोटात तिरकी रेघ होतो, ‘ट्रक’ मध्ये पायाशी जातो आणि ‘दऱ्या’ मध्ये आणखीच वेगळा दिसतो. सोनाली नाग यांनी कन्नड शिकणाऱ्या मुलांवर केलेल्या आणि २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसले, की अशा लिपीतील अक्षरे पक्की होण्याचे काम चौथीपर्यंतही चालू असते. पहिलीतच मूल धडाधड वाचू लागेल, ही अपेक्षाच चुकीची आहे. मात्र एकदा ही मोट बांधली गेली, की देवनागरी फार फसवत नाही. इंग्रजीसारखी पाठ केलेली स्पेलिंगे तिथे लागत नाहीत.

आणखी एक गोष्ट. मराठी शब्द आपल्या पोटात बरेच काही घेऊन चालतो. ‘शेतातून’ हा आपला एक शब्द, इंग्रजीत त्याचे तीन होतात. म्हणून ‘अमक्या इंग्रजी शाळेतली मुलगी मिनिटाला एवढे शब्द वाचते’ असे सांगून मराठी वाचणाऱ्या मुलाला हिणवण्यात अर्थ नाही. २०२२ मध्ये राष्ट्रीय पातळीवर तिसरीच्या मुलांची जी पाहणी झाली, तिच्यात वीस भाषांत मुलांचे वाचन तपासले गेले, आणि प्रत्येक भाषेसाठी वेगाचे टप्पे वेगळे धरले गेले, ते याचसाठी.

महाराष्ट्राने काय शिकवले?

हा प्रश्न आपल्याकडे नवा नाही. फलटणमध्ये स्थायिक झालेल्या, मूळच्या अमेरिकन भाषाशास्त्रज्ञ मॅक्सिन बर्नसन यांनी प्रगत शिक्षण संस्थेच्या कामातून मराठी वाचनाची वेगळी मांडणी केली. ‘अ’ ते ‘ज्ञ’ सगळी अक्षरे संपली, मग बाराखडी, मग शब्द, असा लांबचा रस्ता त्यांनी टाळला. थोडी व्यंजने आणि एक-दोन मात्रा यांचा छोटा गट घ्यायचा, आणि तेवढ्यावरच शब्द व वाक्ये वाचायला लावायची. मग पुढचा गट. यामुळे पहिल्या काही आठवड्यांतच मुलाच्या हाती अर्थ असलेला शब्द पडतो. वाचले की काहीतरी कळते, ही चटक लवकर लागते.

पालघर जिल्ह्यातील वाडा तालुक्यात आणि कर्नाटकातील यादगीर जिल्ह्यात शैलजा मेनन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पहिली ते तिसरीच्या मुलांचा तीन वर्षे मागोवा घेतला. वाड्यात ‘क्वेस्ट’ ही संस्था त्यात सहभागी होती. तिसरी संपत आली तरी बऱ्याच मुलांना परिच्छेद सलग वाचता येत नव्हता. फळ्यावरची अक्षरे उतरवून घेण्यात तासन्‌तास जात होते. गोष्ट वाचणे, तिच्यावर बोलणे याला वेळच उरत नव्हता. म्हणजे मेहनत कमी पडत नव्हती, ती भलतीकडे खर्च होत होती.

‘डोया’ म्हणजे चूक नाही

सुलतानपूरच्या पंचक्रोशीत घरची भाषा वऱ्हाडी. तांड्यांवर गोरमाटी, काही घरांत उर्दू. पुस्तकात ‘मला’ असते, घरात ‘मले’. पुस्तकात ‘डोळा’ आणि ‘केळी’, आजीच्या तोंडी ‘डोया’ आणि ‘केयी’. आता एखादी मुलगी छापील ‘डोळा’ पाहून ‘डोया’ म्हणाली, तर तिने चूक केली का? नाही. उलट तिने शब्द ओळखला, त्याचा अर्थ लावला आणि तो आपल्या बोलीत सांगितला. सुटी अक्षरे जुळवणाऱ्याला हे जमत नाही. मिनिटाचे घड्याळ लावून तपासताना असा शब्द चुकीच्या खान्यात टाकला, तर चांगले वाचणारे मूल कच्चे ठरते आणि पुढच्या वेळी तोंड उघडायला कचरते. प्रमाण उच्चार हळूहळू येतील. ‘हो, डोया. पुस्तकात ह्याला डोळा म्हणतात’, एवढे म्हटले की झाले.

पोथीने दिलेला धडा

वाचनाचा वेग वाढवण्याचा सर्वात तपासलेला उपाय साधा आहे : तोच मजकूर पुन्हा पुन्हा, मोठ्याने, कोणाच्या तरी सोबतीने वाचणे. सॅम्युअल्स यांनी १९७९ मध्ये तो पद्धत म्हणून मांडला. मुलाला छोटा उतारा द्यायचा, तो सहज वाचता येईपर्यंत तोच पुन्हा वाचायचा, मग पुढचा घ्यायचा. गंमत अशी, की नवा उतारा पहिल्यांदा वाचतानाही मुलांचा वेग आधीपेक्षा वाढलेला दिसला. २००० साली अमेरिकेतील राष्ट्रीय वाचन समितीनेही अनेक अभ्यास चाळून निष्कर्ष काढला, की कोणाच्या मार्गदर्शनाखाली मोठ्याने केलेले पुनर्वाचन उपयोगी पडते. नुसते ‘जा, मनातल्या मनात वाचत बस’ म्हणून वेग वाढतो, याला मात्र तेवढा पुरावा समितीला मिळाला नाही.

हे आपल्या घरांना अनोळखी नाही. बुलढाणा जिल्ह्यात ‘श्री गजानन विजय’ ग्रंथाची पारायणे घरोघरी होतात. अध्याय २१. दोन-तीन इयत्ता शिकलेल्या बाईनेही पहिल्या पारायणाला बोट ठेवून, अडखळत सुरुवात केलेली असते. वर्षानुवर्षे तोच ग्रंथ हाताळल्यावर तिची ओळ पाण्यासारखी वाहते. हेच ते पुनर्वाचन. पण त्याचीच दुसरी बाजूही पोथीच दाखवते : ओठ पुढे जातात आणि मन दुसरीकडे असते, हेही होतेच. वेग आला म्हणजे अर्थ आलाच, असे नाही. म्हणून वाचल्यावर बोलणे हवे.

घरी रोज पंधरा मिनिटे

■ मजकूर सोपा निवडा. दहा शब्दांत एकापेक्षा जास्त ठिकाणी मूल अडत असेल, तर तो उतारा त्याच्यासाठी अजून जड आहे. इयत्तेची लाज न बाळगता खालच्या इयत्तेचे पुस्तक घ्या.

■ आधी तुम्ही वाचा. पन्नास ते शंभर शब्दांचा उतारा हावभावांसह एकदा वाचून दाखवा. मग दोघे मिळून वाचा. मग मूल एकटे वाचेल. तोच उतारा तीन-चार दिवस चालू द्या.

■ अडले की लगेच तोंडात शब्द घालू नका. मनात तीनपर्यंत मोजा. तोवर जमले नाही तर शब्द सांगून टाका आणि वाक्य पुन्हा सुरुवातीपासून वाचू द्या. प्रत्येक चुकीला थांबवले, तर गोष्टीचा धागाच तुटतो.

■ शब्दांचे घोस करायला शिकवा. ‘आजोबांनी सकाळी / शेतातून आणलेली कणसं / आजीने चुलीवर भाजली.’ पेन्सिलीने बारीक रेघा मारून कुठे श्वास घ्यायचा ते दाखवा. लय आली, की अर्थ मागोमाग येतो.

■ पाठ असलेले गाणे किंवा आरती छापील समोर धरा आणि म्हणता म्हणता बोट फिरवू द्या. तोंडातला शब्द आणि डोळ्यांसमोरचा शब्द यांची गाठ पडते.

■ शेवटी एकच प्रश्न विचारा, पण खरा. ‘तू असतास तर काय केलं असतंस?’ यासारखा.

आई-वडिलांना वाचता येत नसेल तर? तरीही हे जमते. मोठी बहीण सोबत वाचू शकते. आजीने नुसते ऐकायचे आणि ‘मंग पुढं काय झालं?’ एवढेच विचारायचे. ऐकणारे माणूस समोर असले, की वाचायला कारण मिळते. सोयाबीन काढणीच्या दिवसांत घरात कोणालाच उसंत नसते. तेव्हा पंधरा मिनिटांची पाच झाली तरी चालतील, पण खंड पडू देऊ नका. कामासाठी गाव सोडावे लागलेच, तर दोन पातळ गोष्टींची पुस्तके गाठोड्यात असू द्या. दोन-तीन महिन्यांची सुट्टी या वयात फार महाग पडते. पैशाकडे पैसा जातो, तसे वाचणाऱ्याकडेच वाचन जाते. ज्याला जमते तो जास्त वाचतो, म्हणून त्याला आणखी जमते. न जमणारा टाळतो आणि मागे पडत जातो.

घड्याळाचा धाक नको

मिनिटाला साठ शब्द, हा आकडा तापमापीसारखा वापरावा. ताप मोजून ताप उतरत नाही, तसे रोज शब्द मोजून वाचन सुधारत नाही. महिन्यातून एकदा मोजा आणि मुलाची तुलना त्याच्याच मागच्या महिन्याशी करा, शेजारच्या मुलाशी नको. घड्याळ समोर ठेवून पळवले, की मुले शेवटची अक्षरे गिळतात, अंदाजाने शब्द ठोकतात, पूर्णविरामावरून उडी मारतात. असा वेग काढून टाकायला नंतर दुप्पट कष्ट पडतात.

कधी डॉक्टरांकडे जायचे?

सराव करूनही फरक पडत नसेल, तर आधी डोळे आणि कान तपासा. फळ्यावरचे दिसत नसलेले मूल क्वचितच तक्रार करते, कारण सगळ्यांना असेच दिसते, असे त्याला वाटते. पुस्तक नाकाजवळ धरणे, डोळे बारीक करणे, ओळ सुटणे, वाचताना डोके दुखणे, वारंवार कान फुटणे, हाक मारली तरी न वळणे या खुणा लक्षात ठेवा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची सुरुवात फेब्रुवारी २०१३ मध्ये आपल्याच पालघरमधून झाली. त्याचे वैद्यकीय पथक वर्षातून एकदा शाळेत आणि दोनदा अंगणवाडीत येते. तपासणी मोफत असते. पथक येईल त्या दिवशी मूल शाळेत असेल, एवढे पाहा. ‘हा वाचताना अडतो’ हे शिक्षकांमार्फत पथकाला आवर्जून सांगा.

डोळे-कान ठीक, शिकवणे ठीक, सरावही नियमित, तरी आठ-नऊ वर्षांच्या मुलाला साधे शब्द जुळत नसतील, तर वाचन-अक्षमता, म्हणजे डिस्लेक्सिया, असू शकते. हिचा बुद्धीशी संबंध नाही. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने विशिष्ट अध्ययन अक्षमतेला मान्यता दिली आहे आणि अशा मुलांना परीक्षेत सवलती मिळतात. पक्के निदान साधारण आठ वर्षांच्या आत करत नाहीत, पण मदत मात्र निदानाची वाट न पाहता सुरू करता येते. ती मदत वर सांगितली तीच, फक्त अधिक सावकाश आणि अधिक वेळ.

पुढच्या वेळी एसटीची वाट पाहत लेकराला घेऊन थांब्यावर उभे असाल, तेव्हा मोबाइल खिशात राहू द्या. समोरून येणाऱ्या गाडीची पाटी त्याला वाचू द्या : मेहकर, लोणार, सिंदखेडराजा. सुरुवातीला गाडी येऊन, थांबून, निघून जाईल आणि त्याचे वाचन अर्ध्यावरच असेल. रागावू नका, दुसरी गाडी येणारच आहे. काही महिन्यांनी गाडी वळणावर असतानाच ते ओरडेल, ‘आपली आली!’ तेव्हा त्याने किती अक्षरे वाचली, हे त्याला सांगता येणार नाही, आणि तुम्हीही विचारू नका.